मजबूत सुरी मोडते तरी का?

दोस्तांनो, एक काम करा. हा अंक क्षणभर बाजूला ठेवा आणि स्वयंपाकघरात जाऊन घरातल्या सगळ्या सुऱ्या बघून या. हात लावायचा नाही हं, नुसतं बघायचं!

बघितल्या? आता सांगा, त्यांतल्या एखाद्या सुरीचं टोक मोडलेलं आहे की नाही? एखादीच्या धारेवर उंदराने कुरतडल्यासारखे बारीक बारीक दाते पडले आहेत का? बहुतेक घरांत अशी एक तरी 'टोकमोडी' सुरी सापडतेच.

आता आईला विचारा, "आई, हिचं टोक कशानं गं मोडलं?" "टोमॅटो चिरताना मोडलं" असं उत्तर काही येणार नाही. उत्तर येईल, "डब्याचं झाकण उचकटताना", नाहीतर "फ्रीजमधला बर्फ काढताना". किंवा मग, "तुझ्या बाबांनी स्क्रू पिळायला घेतली होती, त्यांनाच विचार!"

घरातल्या पातळ सुरीचं सोडा. रानात, शेतात, डोंगरात वापरायची हत्यारं तर चांगली दणकट असतात. शेतकऱ्याचा कोयता, नेपाळी माणसाची खुकरी, गिर्यारोहकाची जाड पात्याची सुरी. हातात घेतली तर वाटतं, ही काय मोडणार! पण तीही मोडतात. आणि मोडली की माणसं एकच वाक्य बोलतात, "लोखंडच खराब होतं!" किंवा, "लोहारानं फसवलं!"

खरंच तसं असतं का? कधी कधी असतं. पण पुष्कळदा आरोपी वेगळाच असतो. चला, आज आपण गुप्तहेर होऊ आणि त्याला शोधून काढू.

कडक वेगळं, चिवट वेगळं

आपण 'मजबूत' हा शब्द फार सैलपणे वापरतो. काच मजबूत की तार मजबूत? काचेवर खिळ्याने ओरखडा काढायला जा, सहजासहजी निघत नाही. म्हणजे काच कडक आहे. पण तीच काच जमिनीवर पडली की खळ्ळकन फुटते. तारेवर ओरखडा चटकन उठतो, पण तार पडून कधी फुटते का? ती वाकते आणि पुन्हा सरळही करता येते. म्हणजे तार चिवट आहे.

कडकपणा आणि चिवटपणा हे दोन वेगवेगळे गुण आहेत. आणि गंमत अशी, की लोखंडात एक वाढवायला गेलं की दुसरा बहुधा कमी होतो. दोन भावंडांना एकच पांघरूण पुरवायचं तसं! एकानं ओढलं की दुसरा उघडा.

कडक पण चिवट नसलेल्या वस्तूला आपण 'ठिसूळ' म्हणतो. ठिसूळ वस्तू मोडण्याआधी सूचना देत नाही. ती वाकत नाही, सरळ तुटते. वर्गातला खडूच घ्या ना. दोन्ही हातांनी धरून जरा वाकवायला जा, टक्कन दोन तुकडे! आमच्या वर्गात मी हा खेळ मुलांना करायला देते, तेव्हा एकालाही खडू वाकवून दाखवता येत नाही.

लोखंडाच्या या स्वभावामागे आहे कार्बन. म्हणजे कोळशात असतो तोच. लोखंडात कार्बन किती मिसळला आहे, यावर त्याचा स्वभाव ठरतो. खिळे, तारा, पत्रे यांच्या लोखंडात तो अगदी थोडा, शेकडा पाव टक्क्याहूनही कमी असतो. म्हणून खिळा वाकतो, पण तुटत नाही. सुरीच्या किंवा कोयत्याच्या पोलादात तो साधारण अर्ध्या टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत असतो. आणि बिडात असतो दोन टक्क्यांहून जास्त. म्हणूनच आजीचा बिडाचा तवा हातातून निसटला तर तडकतो आणि साधा लोखंडी तवा पडला तर फार तर पोचतो. बघा, एकदोन टक्क्यांचा फरक, पण स्वभाव केवढा बदलला!

लोहाराची तडजोड

सुरीला दोन्ही गुण हवेत. धार कडक हवी, नाहीतर ती लगेच बोथट होईल. आणि पातं चिवट हवं, नाहीतर ते मोडेल. हे दोन्ही साधायचं कसं? इथेच लोहाराचं कसब लागतं.

लोहार पातं भट्टीत लालभडक तापवतो, साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास. मग ते सांडशीत धरून पाण्यात किंवा तेलात बुडवतो. चर्रर्र! याला 'पाणी देणं' म्हणतात. तापलेल्या पोलादातल्या कार्बनला पुन्हा आपल्या जागी जाऊन बसायला वेळच मिळत नाही. तो जिथल्या तिथे अडकून पडतो आणि पोलाद एकदम कडक होतं. पण इतकं कडक, की काचेसारखं ठिसूळ! अशी सुरी फरशीवर पडली तरी तुकडे व्हायचे.

म्हणून लोहार पुढची पायरी करतो. तेच पातं पुन्हा हलकेच तापवतो, पण या वेळी फक्त २०० ते ३०० अंशांपर्यंत. तापमापक कुठे असतो त्याच्याकडे? तो रंग बघतो. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबलं तर धार जास्त कडक राहते. निळ्यापर्यंत गेलं तर कडकपणा उतरतो आणि चिवटपणा वाढतो. कुठल्या रंगावर थांबायचं, हे त्या हत्याराचं काम काय आहे यावर ठरतं.

नेपाळमधले लोहार खुकरी बनवताना आणखी एक युक्ती करतात. तापलेली खुकरी पूर्ण न बुडवता ते किटलीतून पाण्याची धार फक्त कापणाऱ्या कडेवर सोडतात. त्यामुळे धार कडक होते आणि पाठीची जाड बाजू नरम, चिवट राहते. पुष्कळ खुकऱ्या जुन्या ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादापासून बनतात. खड्ड्याखड्ड्यांतून हजारो किलोमीटर दणके खाऊनही न मोडणारा पाटा! असं पोलाद लोहाराला आवडणारच.

आता आपल्याकडचा कोयता बघू. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं ऊसतोडणीला जातात. तुमच्यापैकी काहींचे आईबाबाही जात असतील. या कामात नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. हत्याराचंच नाव माणसांना पडलं, इतकं ते महत्त्वाचं! ऊस अगदी जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडे साखर जास्त असते. पण जमिनीलगत काय असतं? माती आणि दगड. कोयता दिवसभरात कितीदा तरी दगडावर आपटतो.

तुम्ही लोहार असता तर हा कोयता खूप कडक केला असता का? नाही ना? फार कडक धार दगडावर आपटली की तिचा टवका उडतो. जरा नरम धार असली तर ती मुडपते. मुडपलेली धार कानस मारून दहा मिनिटांत पुन्हा सरळ करता येते. टवका उडाला तर मात्र पुष्कळ लोखंड घासून घालवावं लागतं. शिवाय कोयता फार कडक असेल तर शेतात बसून कानस मारायला गेलं की कानस नुसती घसरते. म्हणून लोहार मुद्दाम कोयता थोडा नरम ठेवतो. हा आळशीपणा नाही, हे शहाणपण आहे.

कडकपणा मोजायचं एक यंत्र असतं. टोकदार हिरा ठरावीक वजनाने धातूवर दाबायचा आणि खड्डा किती खोल पडला ते बघायचं. त्यावरून जो आकडा मिळतो त्याला 'रॉकवेल' म्हणतात. चांगल्या स्वयंपाकाच्या सुरीचा आकडा साधारण ५५ ते ६० असतो, कोयत्यासारख्या हत्याराचा ५० च्या आसपास आणि कानशीचा ६० च्याही वर. यात पहिला नंबर कुणाचा, असं विचारायचं नाही बरं का! ज्याचं त्याचं काम वेगळं.

एकाच दिशेनं शूर

आता तुमची कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी घ्या. ती टेबलावर ठेवतो तशी आडवी धरून दोन्ही टोकांनी वाकवा. सहज वाकते. आता तीच पट्टी उभी धरा, म्हणजे तिची अरुंद कड वर-खाली येईल. आता वाकवा बघू. नाही ना वाकत? पट्टी तीच, प्लास्टिक तेच, हात तेच. फक्त दिशा बदलली!

पात्याचंही असंच आहे. समजा, पातं ३ मिलिमीटर जाड आणि ३० मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे रुंदी जाडीच्या १० पट. अशी सपाट पट्टी धारेकडून पाठीकडे जितकी ताठ असते, तितकी बाजूने नसते. आणि फरक थोडाथोडका नाही, १० गुणिले १० म्हणजे तब्बल १०० पट!

याचा अर्थ काय? सुरीने सरळ खाली कापलं तर ती शूर योद्ध्यासारखी लढते. पण तिचं टोक फटीत घालून बाजूला रेटलं, तर तिची सगळ्यात कमजोर बाजू आपण पणाला लावतो. झाकण उचकटताना नेमकं हेच होतं. टोकाकडे तर पातं आणखीच अरुंद आणि पातळ होत गेलेलं असतं. मग मोडणार कोण? टोकच!

लाकडात रुतलेलं पातं पिरगाळून काढताना हीच चूक होते. कोयता बाभळीच्या फांदीत अडकला की आपण काय करतो? डावीकडे, उजवीकडे हिसके देतो. धारेच्या पातळ कडेला लाकूड घट्ट पकडून बसलेलं असतं आणि पाठीचा जाड भाग आपण वळवत असतो. मग धारेचा चंद्रकोरीसारखा तुकडा लाकडातच राहतो. अडकलेलं पातं ज्या वाटेने आत गेलं, त्याच वाटेने सरळ बाहेर काढायचं असतं.

बुरूडकाका बांबू फोडतात तेव्हा एकदा थांबून नीट बघा. कोयता बांबूच्या टोकावर बरोबर मध्ये बसवतात, एकदोन ठोके देतात आणि मग नुसता पुढे ढकलत नेतात. पेर आलं की जरा जोर, पुन्हा सरळ पुढे. बांबूची फट कोयत्याच्या पुढे पुढे पळते. धारेला तर बांबू फारसा लागतच नाही, कोयता पाचरीसारखं काम करतो! बांबूचे धागे उभे असतात हे त्यांना माहीत असतं. ते धाग्यांशी भांडत नाहीत, त्यांच्या बाजूने जातात. म्हणून त्यांचा कोयता वर्षानुवर्षं टिकतो.

खाच नावाचा शत्रू

शांपूची पुडी बिनखाचेच्या जागी फाडून बघा. ओढून ओढून बोटं दुखतात. पण कडेला जी छोटी खाच पाडलेली असते, तिथून फाडली की पुडी क्षणात उघडते. काच विकणारा दुकानदार काच कशी कापतो? आरपार कापतच नाही. लहानशा हत्याराने एक रेघ ओढतो आणि हलकेच दाबतो. टक्! काच त्या रेघेवरच तुटते.

एवढीशी खाच इतकं मोठं काम कशी करते? असं समजा, शाळा सुटली आहे आणि सगळी मुलं रुंद व्हरांड्यातून चालली आहेत. मध्येच कुणी बाक आडवा टाकला तर बाकाच्या टोकाशी काय होईल? तिथेच सगळी रेटारेटी! वस्तूवर जोर पडतो तेव्हा तो जोरही असाच तिच्या अंगातून वाट काढत जातो. खाच आली की खाचेच्या टोकाशी त्याची गर्दी होते. खाच जितकी टोकदार, तितकी गर्दी जास्त. तिथेच तडा सुरू होतो.

माणसाने हे फार मोठी किंमत मोजून शिकून घेतलं आहे. १९५२ साली 'कॉमेट' नावाचं जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान वाहतुकीला लागलं. १९५४ साली अशी दोन विमानं भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे संशोधकांनी एक अख्खं विमान पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवलं आणि पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा वाढवून-उतरवून पाहिला. शेवटी विमानाचं अंग फाटलं. विमानाच्या अंगावर खिडक्यांसाठी कापलेल्या चौकोनी झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी जोराची गर्दी होते, हे त्यातून उघड झालं. आज तुम्ही विमानाची खिडकी पाहिलीत तर तिचे कोपरे छान गोलाकार दिसतील.

आता सुरीकडे वळू. सुरीवर खाचा कुठे असतात? धारेवर पडलेला प्रत्येक दाता ही एक खाच. गंजाने पडलेला प्रत्येक खड्डा ही एक खाच. आणि सगळ्यात लपलेली खाच असते मुठीच्या आत! पात्याचं एक निमुळतं शेपूट मुठीत गेलेलं असतं. रुंद पातं जिथे एकदम अरुंद होतं, तिथला कोपरा काटकोनी ठेवला असेल तर तीच जागा सगळ्यात आधी तडकते. ही मात्र बनवणाऱ्याची चूक. चांगला कारागीर तिथे गोलाई ठेवतो.

खाचेतला तडा एकदम वाढतो असंही नाही. एखादी तार घेऊन एकाच जागी इकडून तिकडे वाकवत राहा. पहिल्यांदा तुटत नाही, दुसऱ्यांदा नाही, पण थोड्या वेळाने तुटतेच. सुरीतही प्रत्येक हिसक्याबरोबर तडा केसभर पुढे सरकतो. मग एक दिवस साधीशी फांदी तोडताना पातं मोडतं आणि आपण म्हणतो, "अरे, एवढ्याशा कामाला कसं मोडलं?" ते आज मोडलेलं नसतं. ते कित्येक दिवस मोडत आलेलं असतं.

आग आणि गारठा

सहलीला गेल्यावर शेकोटीत बटाटा भाजायला कुणीतरी हमखास सुरीचं टोक वापरतं. मजा येते खरी! पण मघाचे रंग आठवा. पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. लोहाराने जिथे मोजून थांबवलं होतं, त्याच्या पुढे आपण शेकोटीत सहज जातो. साध्या पोलादाचं पातं निळं पडलं, की लोहाराने दिलेलं पाणी उतरलंच म्हणून समजा. मग धार टिकत नाही. गल्लीत येणारा धारवाला फिरत्या दगडावर सुरी धरतो आणि मध्ये मध्ये पाण्यात बुडवतो, ते याचसाठी. ठिणग्या उडत असताना पातळ धार फार लवकर तापते.

आणि गारठा? कडाक्याच्या थंडीत पुष्कळ जातींचं पोलाद जास्त ठिसूळ होतं. १६ जानेवारी १९४३ या दिवशी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात 'स्केनेक्टडी' नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला उभं होतं. वादळ नाही, लाटा नाहीत, टक्कर नाही. थंडीच्या रात्री मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध जवळजवळ दुभंगलं! जोडकामातले दोष, ते सहन न करू शकणारं पोलाद आणि थंडी, असं सगळं एकत्र आलं होतं. बर्फाळ प्रदेशातले जाणते लाकूडतोडे म्हणूनच काम सुरू करण्याआधी कुऱ्हाडीचं पातं थोडं उबदार करून घेतात. उबदार हं, गरम नाही!

हातोडा आणि डोळा

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट सांगते, नीट वाचा. लाकूड फोडायचं म्हणून काही जण सुरी लाकडावर ठेवतात आणि पाठीवर दगडाने किंवा हातोड्याने घाव घालतात. पोलाद कडक, हातोडाही कडक. कडक वस्तूवर कडक वस्तू आदळली की बारीक कपची उडू शकते. ती बंदुकीच्या छऱ्यासारखी येते आणि तिला डोळा आणि दगड यातला फरक कळत नाही. सुरी नवी आणता येते, डोळा आणता येत नाही.

कोकणात कोयत्याच्या पाठीने नारळ फोडतात ना, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. पण तिथे पाठ जाड असते, धारेपेक्षा नरम असते आणि समोर लोखंड नाही, करवंटी असते. शिवाय हात सरावलेला असतो. स्वयंपाकाच्या सुरीने तेच करायला गेलात तर मात्र पंचाईत!

मोडलेलं तोंड बोलतं

गुप्तहेरांनो, आता आरोपी ओळखायची वेळ आली. पातं मोडलं की मोडल्या जागेकडे, म्हणजे तुकड्याच्या तोंडाकडे नीट बघायचं. मोठ्या माणसाच्या हातात तुकडा देऊन बघायचं, आपण धरायचा नाही. भिंग असेल तर उत्तमच.

एका कोपऱ्यात गंज किंवा काळपटपणा आणि बाकीचं तोंड ताजं, करडं दिसलं, तर तडा जुना होता. हत्यार आधीच आजारी होतं, आपण लक्ष दिलं नाही.

सगळं तोंड साखरेसारखं जाड कणीदार, चमचमतं दिसलं, तर भट्टीत पातं जरुरीपेक्षा जास्त तापलं असण्याची शक्यता आहे. इथे दोष बनवण्याचा.

तोंड बारीक रेशमी करडं आहे, जुना तडा कुठेच नाही, पण टोक बाजूला वाकून तुटलं आहे? मग लोखंड चांगलं होतं आणि लोहारही चांगला होता. हत्याराकडून त्याचं नसलेलं काम करून घेतलं, म्हणून ते मोडलं.

ही तपासणी का महत्त्वाची आहे माहीत आहे? गावातल्या लोहाराकडे मोडका कोयता घेऊन कुणी तावातावाने आला, तर पुष्कळदा तो बिचारा भांडण नको म्हणून फुकटात दुरुस्त करून देतो. त्याचा कोळसा जातो, वेळ जातो आणि वर नाव खराब होतं. तिकडे ऊसतोडीच्या फडात ऐन हंगामात कोयता मोडला, तर त्या घराची मजुरी थांबते, कारण पैसे तोडलेल्या उसाच्या वजनावर मिळतात. दोघांचंही नुकसान. न बघता आरोप करण्यापेक्षा आधी तुटलेलं तोंड बघावं, हे बरं नाही का?

मग आपण काय करायचं?

१. उचकटायला पहार किंवा टॉमी, पिळायला स्क्रू ड्रायव्हर, फोडायला कुऱ्हाड आणि कापायला सुरी. ज्याचं काम त्यानेच करायचं.

२. सुरी लाकडात अडकली तर पिरगाळायची नाही. सरळ मागे ओढायची, तेही आपलं अंग आणि दुसऱ्याचं अंग वाटेत नाही ना, हे बघून.

३. हाड, गोठलेला बर्फ, तार, दगड यांच्यावर सुरी चालवायची नाही.

४. काम झालं की सुरी धुवायची, कोरडी पुसायची. साध्या पोलादाच्या हत्याराला तेलाचं बोट फिरवायचं. गंज म्हणजे शेकडो खाचा!

५. शेकोटीत सुरी घालायची नाही. बटाट्यासाठी ओली काठी आहे की.

६. धारेवर दाता पडला तर लगेच घासून काढून घ्यायचा. धार बोथट असली की आपण जास्त जोर लावतो, आणि जास्त जोर लावला की हात घसरतो.

७. दुसऱ्याला सुरी देताना मूठ त्याच्याकडे करायची. पडणारी सुरी हवेत झेलायची नाही. पाय मागे घ्यायचे आणि पडू द्यायची.

८. आणि हो, मोठं माणूस जवळ असल्याशिवाय यातलं कुठलंही हत्यार हातात घ्यायचं नाही. पट्टी, खडू आणि शांपूची पुडी मात्र खुशाल घ्या!

दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेलात की लोहाराच्या भट्टीपाशी जा. थोडं लांब उभं राहून पाणी देताना बघा. आणि काम आटोपल्यावर विचारा, "काका, कोयता कुठल्या रंगावर थांबवता?" बघा, ते कसे खुलतात. हा प्रश्न त्यांना रोज रोज कुणी विचारत नाही.